शामिसेन शिकायला सुरुवात करताना: वाद्य, त्याचे शब्द आणि पहिले धडे

शामिसेन या जपानी वाद्यात काय असतं? तीन तारा, एक लांब दांडी आणि दोन्ही बाजूंनी मढवलेलं छोटं चौकोनी खोकं. पडदे नाहीत, तरफा नाहीत, भोपळा नाही. तरीही काबुकी नाटकांचा रंगमंच, बुनराकूच्या बाहुल्या, गेइशांच्या बैठका आणि उत्तर जपानातल्या बर्फाळ गावांमधली लोकगीतं, हे सगळं या तीन तारांनी पेललं आहे.

हा लेख पहिल्यांदा शामिसेन हातात घेणाऱ्यांसाठी आहे. कामानिमित्त जपानमध्ये राहणारे, जपानी भाषा शिकता शिकता तिथल्या संगीताकडे वळलेले, किंवा सतार-तानपुऱ्याची सवय असल्यामुळे कुतूहल वाटणारे, अशा सगळ्यांना तो उपयोगी पडावा. जपानी संज्ञा मी मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, कारण वर्गात गुरू त्याच शब्दांत बोलतात.

पहिली पायरी: कोणतं संगीत वाजवायचं ते ठरवा

दुकानात जाऊन ‘एक शामिसेन द्या’ म्हणालात, तर दुकानदार आधी हाच प्रश्न विचारेल. दांडीच्या जाडीवरून शामिसेनचे तीन प्रकार होतात आणि प्रत्येकाचं संगीत वेगळं आहे.

होसोझाओ म्हणजे बारीक दांडीचं. दांडीची रुंदी साधारण अडीच सेंटिमीटर. काबुकीबरोबर वाजणारं नागाउता आणि छोट्या बैठकीतली कोउता गाणी यावर होतात. चुझाओ मधल्या जाडीचं. जिउता आणि बरंचसं लोकसंगीत, म्हणजे मिन्यो, यावर वाजतं. फुतोझाओ जाड दांडीचं आणि त्याचा आवाजही भारदस्त. यात पुन्हा दोन जगं आहेत. एक गिदायू: ताकेमोतो गिदायूने १६८४ मध्ये ओसाकात ताकेमोतो-झा हे बाहुलीनाट्याचं थिएटर काढलं आणि त्याची कथनशैली पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. दुसरं त्सुगारू: आओमोरी प्रांतातलं, वेगवान, उत्स्फूर्त, पुडीवर दणादण आघात करणारं.

त्सुगारू आज जगभर लोकप्रिय आहे आणि बरेच नवशिके तेच ऐकून येतात. त्याची मुळं मात्र दारोदार वाजवून पोट भरणाऱ्या अंध वादकांमध्ये आहेत. निताबो (१८५७–१९२८) हा त्याचा आद्य वादक मानला जातो, आणि ताकाहाशी चिकुझान (१९१०–१९९८) यांनी ते मोठ्या सभागृहांपर्यंत नेलं. तुमचं मन त्सुगारूवरच असेल तर थेट तिथूनच सुरुवात करा, आधी दुसरं काही शिकण्याची गरज नाही. पण अजून काही ठरलं नसेल तर मी नागाउता सुचवेन. त्यात उजव्या हाताची शिस्त फार नीट लागते आणि लिखित साहित्यही भरपूर मिळतं. पुढचं बरंचसं वर्णन नागाउताला धरूनच आहे.

दुसरी पायरी: भागांची नावं तोंडपाठ करा

वरून खाली येऊ. शेंड्याचा मागे झुकलेला भाग तेन्जिन. त्यात तीन लांब खुंट्या, त्या इतोमाकी. त्याखाली तारा टेकतात ती छोटी धातूची पट्टी कामिगोमा. मग दांडी, म्हणजे साओ. चांगल्या शामिसेनची दांडी तीन तुकड्यांत सुटी होते आणि जोडल्यावर सांधा बोटालाही जाणवत नाही.

दांडीचं लाकूड हा या वाद्याचा मोठा विषय आहे. स्वस्त वाद्यात करिन, त्याच्या वर शितान आणि सगळ्यात वर कोकी. कोकी म्हणजे आपलं रक्तचंदन, आंध्रच्या डोंगरांतलं. ते जड असतं, घट्ट असतं, बोटांनी वर्षानुवर्षं दाबूनही लवकर झिजत नाही. आज या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नियंत्रण आहे, त्यामुळे जुन्या कोकी दांड्या लोक जिवापाड जपतात.

खालचं खोकं म्हणजे दो. चार फळ्या जोडून ते बनतं, आणि महागड्या वाद्यात फळ्यांच्या आतल्या बाजूला आयासुगी नावाचं नागमोडी कोरीवकाम असतं. बाहेरून ते दिसत नाही, पण नादात फरक पडतो. दो दोन्ही बाजूंनी मढवतात. र्युक्यू बेटांवरचं, म्हणजे आजच्या ओकिनावातलं सानशिन अजगराच्या कातड्याचं असतं. १६ व्या शतकाच्या मध्यात हे वाद्य ओसाकाजवळच्या साकाई बंदरात आलं, तेव्हा तेवढं मोठं सापाचं कातडं मिळेना, म्हणून जपानी कारागिरांनी मांजराचं आणि कुत्र्याचं कातडं वापरलं. पुष्कळांना हे वाचून कसंसंच होईल आणि ते समजण्यासारखं आहे. आता कृत्रिम पुडी सहज मिळते, कांगारूचं कातडंही वापरात आहे. नवशिक्याने कृत्रिम पुडीच घ्यावी. त्याची कारणं पुढे येतीलच.

पुडीवर तारांखाली उभी राहते ती घोडी म्हणजे कोमा. तारा खाली ज्या रेशमी गोफाला बांधतात तो नेओ. उजवा हात टेकतो तिथलं आवरण दोकाके. वाद्य मांडीवरून घसरू नये म्हणून ठेवायचा रबराचा तुकडा हिझागोमु. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत घालायची विणलेली पट्टी युबिकाके. तिच्यामुळे हात दांडीवरून सुळकन सरकतो. आणि उजव्या हातातली पंख्यासारखी पसरट नखी म्हणजे बाची.

तारांना मोजून नावं आहेत: सगळ्यात जाड इचि नो इतो (पहिली), मग नि नो इतो (दुसरी), सगळ्यात बारीक सान नो इतो (तिसरी). पारंपरिक तारा रेशमाच्या. त्यांचा पिवळा रंग हळदीचा असतो. तिसरी तार फार लवकर तुटते, म्हणून पहिल्या दोन रेशमी आणि तिसरी नायलॉनची किंवा टेट्रॉन या कृत्रिम धाग्याची, अशी जोडी पुष्कळजण लावतात. तुम्हीही तेच करा.

तिसरी पायरी: वाद्य मिळवणं

जपानमध्ये असाल तर लगेच विकत घेऊ नका. बरेच वर्ग सुरुवातीला वाद्य वापरायला देतात. घ्यायचंच ठरलं तर करिनची दांडी, कृत्रिम पुडी, प्लास्टिकची किंवा लाकडी बाची, एवढ्यावर वर्ष-दोन वर्षं उत्तम भागतं.

जुन्या बाजारातली शामिसेन स्वस्त दिसतात, पण खरेदीपूर्वी तीन गोष्टी तपासा. पुडी फाटलेली किंवा कडेने सुटलेली नाही ना. दांडी एका डोळ्याने शेंड्याकडून पाहिल्यावर सरळ दिसते ना, आणि तिच्यावर बोटांनी पडलेले खड्डे किती खोल आहेत. खुंट्या, कोमा किंवा बाची हस्तिदंताची किंवा कासवाच्या कवचाची तर नाही ना. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे. कासवाच्या कवचाबाबतही तीच गत. असं वाद्य जपानबाहेर न्यायला गेलात तर विमानतळावर अडकू शकतं. भारतात आणायचं असेल तर ज्यात यांपैकी काहीच नाही असं वाद्य निवडा आणि दांडी कोणत्या लाकडाची आहे ते दुकानदाराकडून लिहून घ्या.

चौथी पायरी: बसणं आणि धरणं

परंपरेत वज्रासनासारखं सेइझा घालून बसतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते, बहुतेक वर्गांत त्याला कुणी हरकत घेत नाही. उजव्या मांडीवर हिझागोमु, त्यावर दो. उजवा हात कोपराच्या जरा पुढे दोकाकेवर टेकतो आणि त्या वजनाने वाद्य जागेवर राहतं. दांडी डावीकडे वर जाते, तेन्जिन साधारण कानाच्या उंचीला येतं.

आता डावा हात सोडून द्या. वाद्य तसंच राहिलं पाहिजे. राहत नसेल तर तुम्ही डाव्या हाताने दांडी उचलून धरताय, आणि मग तो हात कधीच मोकळा फिरणार नाही. ही चाचणी रोज सुरुवातीला करा.

बाचीची मूठ अनामिका आणि करंगळी यांच्यामधून जाते. अंगठा पात्यावर टेकतो, किंचित वाकलेला. बाकीची बोटं एकत्र. मूठ आवळायची नाही. सतार वाजवणाऱ्यांना इथे सगळ्यात जास्त अडचण येते, कारण त्यांची सवय एका बोटाच्या नखीची आणि इथे सगळं मनगटावर आहे.

पाचवी पायरी: स्वर जुळवणं, आणि सावारी

माझं ठाम मत आहे की पहिल्या महिन्यातला निम्मा वेळ जुळवण्यावर घालवावा. पडदे नसलेल्या वाद्यात तारा कच्च्या असतील तर बोट कितीही बरोबर जागी पडून उपयोग नाही. शिवाय या वाद्याचा खरा नाद नीट जुळवल्यावरच उघडतो.

आधी कोमा लावा. नागाउतात दोच्या खालच्या कडेपासून अंदाजे तीन बोटं वर. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा, नाहीतर ती सुटते. नवीन तार लावली असेल तर बोटाने हलके ओढून ताण द्या, मग पुन्हा जुळवा. रेशीम आणि नायलॉन दोन्ही सुरुवातीला सैल होत राहतात.

जपानी लोक आधारस्वर ‘होन’ या मापात सांगतात. इप्पोन म्हणजे पहिली पट्टी, पुढे अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत जायचं. पेटीवर बसणाऱ्या मराठी माणसाला हे फार सोपं जातं. योनहोन, म्हणजे चौथी, ही आपली पांढरी एक. गोहोन म्हणजे काळी एक. रोप्पोन म्हणजे पांढरी दोन. नवशिक्याने पांढरी एकच्या वर जाऊ नये, तारा वाचतात.

मुख्य जुळणी तीन आहेत.

होनचोशी: पहिली तार सा, दुसरी म, तिसरी तार सप्तकातला सा.

निआगारी: यात दुसरी तार चढवतात. सा, प, तार सा.

सानसागारी: यात होनचोशीतली तिसरी तार उतरवतात. सा, म, कोमल नि.

होनचोशी भारदस्त मानतात, निआगारी मोकळी आणि उत्साही, सानसागारी हळवी. एकाच रचनेत मध्येच जुळणी बदलावी लागते, तेही वाजवता वाजवता, पण ते खूप पुढचं. सुरुवातीला फोनवरचा तानपुरा ‘म’ वर लावा, पट्टी पांढरी एक ठेवा आणि होनचोशी पक्की करा.

आता सावारी. तानपुऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे लगेच कळेल. पहिली तार कामिगोमावर टेकत नाही. ती तेवढी मोकळी सोडलेली असते आणि दांडीवरच्या एका बारीकशा उंचवट्याला जेमतेम स्पर्श करते. त्यामुळे ती छेडल्यावर नुसता स्वर न येता त्याच्याबरोबर एक ‘झींऽऽ’ अशी झणझण येते, तीच सावारी. मजा अशी की तिसरी तार अचूक सा ला लागली की ती छेडल्यावरही पहिली तार आपोआप गुंजते. म्हणजे सावारी हीच जुळणीची परीक्षा. झणझण मेलेली वाटली तर समजा, कुठेतरी एक केस इकडे-तिकडे आहे.

बऱ्याच वाद्यांत दांडीच्या मागे, शेंड्याजवळ, एक छोटा स्क्रू असतो. त्याला आझुमा-झावारी म्हणतात. पहिली तार छेडत तो अगदी हळू फिरवा. आधी काहीच होणार नाही, मग खरखर सुरू होईल, मग ती खरखर बारीक होऊन लांबत जाईल. ती सगळ्यात लांब टिकते तिथे थांबा. पाव वळसाही जास्त होतो. हे कान देऊन करायचं काम आहे, घाईत करू नका.

सहावी पायरी: आघात आणि तोंडाने म्हणायची शामिसेन

बाची तार छेडून थांबत नाही, ती पुढे जाऊन पुडीवर पडते. म्हणून शामिसेनच्या प्रत्येक स्वरात थोडा ताल असतोच. तिथे पुडी फाटू नये म्हणून अर्धचंद्रासारखा एक कातड्याचा तुकडा चिकटवलेला असतो, तो बाचिगावा. सुरुवातीला फक्त खाली पडणारे आघात करा, एकेका तारेवर, मोकळी तार ठेवून. खांद्यातून नाही, मनगट सैल सोडून बाचीच्या वजनाने. आवाज पातळ येत असेल तर जोर वाढवू नका, आधी मनगट किती ताठ झालंय ते पाहा.

मग दोन-तीन तंत्रं येतात. बाचीच्या टोकाने तार खालून वर उचलणं म्हणजे सुकुइ. डाव्या हाताच्या बोटाने तार छेडणं म्हणजे हाजिकी. दाबलेलं बोट तारेवरून सरकवणं म्हणजे सुरी. मींडेची सवय असलेल्याला सुरी लवकर जमते, पण तिथे ती मोजूनमापून वापरतात. दर स्वराला घसरत जाऊ नका.

तबल्याला बोल असतात तसे शामिसेनलाही आहेत. त्याला कुचिजामिसेन म्हणतात, तोंडाने म्हणायची शामिसेन. घराण्यागणिक थोडाफार फरक असतो, पण ढोबळ नियम असा: पहिली तार मोकळी वाजली की ‘दोन्’, दुसरी मोकळी ‘तोन्’, तिसरी मोकळी ‘तेन्’. दुसरी तार दाबून वाजवली की ‘त्सुन्’, तिसरी दाबून वाजवली की ‘चिन्’. दोन तारा एकदम वाजल्या की ‘शान्’ किंवा ‘चान्’. सुकुइ आणि हाजिकीला ‘रे’, ‘रु’, ‘रि’, ‘रो’ अशी अक्षरं. म्हणून ‘चिन् तोन् शान्’ म्हटलं की जाणकाराला कोणती तार, मोकळी की दाबलेली, सगळं कळतं. मराठी कानाला एक सावधगिरी: गुरू ‘दोन्’ म्हणाले की पहिली तार वाजवायची आहे, दुसरी नाही.

वाद्य हातात घेण्याआधी तुकडा असा म्हणून पाठ करा. हा सल्ला जुन्या सगळ्या गुरूंचा आहे आणि माझाही. बोटं मग स्वतःच जागा शोधतात.

सातवी पायरी: पहिली ओळ

बोट ठेवायच्या जागांना नागाउतात कांदोकोरो आणि इतर काही शैलींत त्सुबो म्हणतात. दांडीवर खुणा नसतात, म्हणून नवशिक्यांसाठी आकड्यांची चिकटपट्टी मिळते, फुजाकु. ती लावायला अजिबात लाजू नका. बुनकाफु या प्रचलित स्वरलिपीत तेच आकडे येतात: मोकळी तार ०, मग प्रत्येक अर्ध्या स्वराला एकेक जागा. ३ आणि ४ यांच्या मध्ये एक तीव्र चिन्हाची (♯) जागा असते आणि ९ आणि १० यांच्या मध्ये एक कोमल चिन्हाची (♭), त्यामुळे मोकळी तार सा धरली तर म ४ वर येतो, प ६ वर आणि वरचा सा १० वर.

‘साकुरा साकुरा’ ही जुनी चाल बहुतेकांची पहिली असते. तिचे स्वर सा, कोमल रे, म, प, कोमल ध. गुणकली ऐकलेल्यांना ते घरचे वाटतील, फक्त चाल वेगळी. होनचोशीत पहिली ओळ अशी बसते. दुसऱ्या तारेवर ०, ०, २ आणि थांबा. पुन्हा ०, ०, २ आणि थांबा. मग ०, २, ३, २, आणि लगेच ०, मग २ आणि ० पटकन, आणि शेवटी पहिल्या तारेवर १, तो लांब ठेवा. आपल्या भाषेत: म म प, म म प, म प ध प, म पम रे, ध आणि रे कोमल.

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एवढीच वापरायची. बोट उभं, नखाच्या कडेजवळचं टोक तारेवर. बोटाच्या पोटाने दाबलं की नाद बुजतो.

आणि ‘थांबा’ लिहिलंय तिथे खरंच थांबा. दोन आघातांमधल्या मोकळ्या जागेला ‘मा’ म्हणतात. गुरू तुमचं कौतुक करतील किंवा चूक काढतील ते बहुतेक वेळा ‘मा’ बद्दल असेल. ‘नेइरो’ म्हणजे नादाचा पोत. तो कधी ‘शिबुइ’ असतो, म्हणजे झगमग नसलेला, मुरलेला. मागे रेंगाळणारा नाद ‘योइन’. कोउता वाजवणारे ‘इकी’ शब्द वापरतात, त्यात नजाकत, शहरी रसिकता आणि थोडं हातचं राखून ठेवणं असं सगळं येतं. हे शब्द ऐकू आले की त्या क्षणी काय वाजत होतं ते लक्षात ठेवा. व्याख्या वाचून ते कळत नाहीत.

आठवी पायरी: वर्ग

जपानमध्ये शहरातली सांस्कृतिक केंद्रं आणि खासगी गुरू, दोन्ही वाटा आहेत. टोकियोतल्या निशिकासाईसारख्या वस्तीत राहणाऱ्यांनी जवळच्या सांस्कृतिक केंद्रात ‘ताइकेन’, म्हणजे अनुभवासाठीचा एक तास, आधी घेऊन पाहावा. धड्याला ओकेइको म्हणतात, महिन्याच्या फीला गेश्शा, आणि पारंपरिक गुरूंकडे ती पाकिटातून देतात. सुरुवातीला वाकून ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’, शेवटी ‘आरिगातो गोझाइमाशिता’. गुरूसमोर बसून, त्यांच्या हाताकडे बघत शिकायचं. आपल्याकडच्या तालमीसारखंच.

भारतातून ऑनलाइन शिकता येतं, पण बाची धरण्याचे पहिले काही धडे शक्य असतील तर समोरासमोर घ्या. मनगटाचा कोन पडद्यावर नीट दिसत नाही, आणि चुकीचा बसला की नंतर सोडवायला फार त्रास होतो.

निगा

वाजवून झालं की कोमा काढा, दर वेळी. तारांच्या दाबाने पुडी ताणलेली राहते आणि एक दिवस फाटते. तारा आणि दांडी कोरड्या मऊ कपड्याने पुसा, हाताचा घाम राहू देऊ नका. कातड्याच्या पुडीला दमट हवाही सोसत नाही आणि एसीची कोरडी हवाही. मुंबई-कोकणातल्या जून ते सप्टेंबरमध्ये तर ती कधी दगा देईल सांगता येत नाही. पुडी तांदळाच्या खळीने चिकटवलेली असते, म्हणून ओलाव्याने कडाही सुटतात. नवीन पुडी चढवायला, म्हणजे हारिकाएला, जाणकार कारागीर लागतो, आणि तो तुम्हाला पुण्यात किंवा नाशकात मिळणार नाही. कृत्रिम पुडीचा सल्ला यासाठीच.

डब्यात ओलावा शोषणारी पुडकी ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. तारांचा एक जादा संच, एक जादा कोमा, आणि तिसऱ्या तारेच्या दोन-तीन गुंडाळ्या जपानहून येणाऱ्या कुणाकडून तरी आधीच मागवून ठेवा.